गुडघ्यावरचं हेल्मेट

“हेल्मेट गुडघ्यावर बांधलं तर चालंल का?” दादाने निमिषला विचारलं.

आम्ही एका जुन्या दगडी हॉटेलाच्या अंगणात उभे होतो. फ्रान्स देश, बोर्डो शहराच्या जवळपासचं खेडं, सप्टेंबरची सकाळ. भिंतीला ओळीने विजेच्या सायकली टेकवलेल्या. निमिष हा शेतीऔषधांच्या कंपनीचा अधिकारी, पुण्याचा, डीलर लोकांना सहलीला घेऊन आलेला. तो आधी हसला, मग दादाचा चेहरा बघून हसायचा थांबला.

“काका, हेल्मेट डोक्यावर घालतात.”

“नियम काय हाय?”

“हेल्मेट घातल्याशिवाय सायकल मिळणार नाही.”

“मग घालतोय की. कुठं घालायचं ते सांगितलंय का?”

निमिषने सायकलवाल्या फ्रेंच माणसाला विचारलं. त्याने खांदे उडवले. हेल्मेट कुठे घालायचं हेही सांगावं लागेल, असं त्याच्या देशात आजवर कुणाला वाटलं नसावं. मग दादाने ते आपल्या दुखऱ्या उजव्या गुडघ्यावर बसवलं, पट्टा मागून ओढून घेतला आणि पाय वाकवून पाहिला. बसलं होतं चांगलं.

दादा वेडा नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते ऐकून तुमचा तसा समज होईल.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ रंगराव. धाकटा हिंदुराव, त्याला सगळे बापू म्हणतात. मी मधली, शालन. माझं माहेर तासगावच्या द्राक्षपट्ट्यात. दोघा भावांच्या बागा शेजारी शेजारी, घरं एकाच अंगणात समोरासमोर, आणि बाजारातली शेतीऔषधांची दुकानंही समोरासमोर. इतकं सगळं समोरासमोर असून दोघं कित्येक वर्षं एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते. कारण होतं एक फेटा.

बापूच्या मुलाचं लग्न होतं. आमच्याकडे लग्नात आल्यागेल्याला टॉवेल-टोपीचा आहेर करतात, आणि घरातल्या मानाच्या माणसाला फेटा बांधतात. दादा आयुष्यभर टोपी घालणारा. त्या दिवशी मुद्दाम बोडका मांडवात आला, की भाऊ फेटा बांधेल. दारात मुलीकडच्या कुणा उत्साही माणसाने त्याच्या हातात टॉवेल-टोपी ठेवली. दादाने ती मुकाट घेतली, पहिल्या रांगेत जाऊन बसला आणि अक्षता पडेपर्यंत वाट पाहिली. फेटा काही आला नाही. मग त्याने टॉवेल-टोपी खुर्चीवर ठेवली आणि न जेवता घर गाठलं. तेव्हापासून त्याने डोक्यावर काही घातलं नाही. उन्हातान्हात बागेत बोडका, पावसात बोडका. छत्रीसुद्धा घेईना, कारण तीही डोक्यावरच येते. बापूने खुलासा केला नाही आणि दादाने मागितला नाही.

यात मरण कुणाचं झालं, तर माझं. माहेरी गेले की मला दोन घरी जेवावं लागे. दादाकडे पुरणपोळी झाली की अंगण ओलांडून बापूकडे पुन्हा पुरणपोळी. दोन्ही वहिन्या वाढायला सढळ, आणि एकीकडे अर्धी पोळी कमी खाल्ली तर ते दुसऱ्या घरी कळायचंच. भाऊबीजेला दोनदा ओवाळायचं, दोनदा जेवायचं, आणि दोन्हीकडे दुसऱ्या घराचं नाव काढायचं नाही. डॉक्टरांनी रक्तात साखर वाढलीय म्हणून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, डॉक्टर, ही साखर नाही, आमच्या घरचं भांडण आहे.

म्हणून निघायच्या आधी मी दोघांना वेगवेगळं गाठून एकच गोष्ट बजावली होती. ही सहल संपेपर्यंत तुम्ही एकमेकांशी बोलला नाहीत, तर या दिवाळीला मी येणार नाही. पुढच्याही नाही. मला माहेर नाही असं समजेन. दादा म्हणाला, “त्येला सांग.” बापू म्हणाला, “दादाला सांग.”

मी सहलीत कशी, तेही ऐका. दोघांनीही कंपनीचं टार्गेट पुरं केलं होतं आणि प्रत्येकाला जोडीदारासकट सहल मिळाली होती. थोरली वहिनी विमानात बसायला तयार नव्हती, धाकटी लेकीच्या बाळंतपणात अडकलेली. मग दोघांनीही एकमेकांच्या नकळत जोडीदार म्हणून माझं नाव दिलं. कंपनीने शालन नावाच्या दोन बायका धरल्या. माझ्या नावाच्या दोन खोल्या, दोन बॅगा, दोन टी-शर्ट. विमानतळावर मी एकटीच उभी दिसल्यावर निमिषने दुसऱ्या शालनताई कुठे आहेत म्हणून विचारलं. विमानात मी मधल्या सीटवर बसले, अर्थातच.

एरवी अशा सहली समुद्रकिनाऱ्यावर जायच्या. पण कंपनीचे नवे साहेब सायकलवेडे होते. द्राक्षाला औषध विकणाऱ्यांनी जगातल्या नामांकित द्राक्षबागा पाहाव्यात, जुनी तटबंदीची गावं पाहावीत, आणि तेही पायडल मारत पाहावीत, असं त्यांचं म्हणणं. साहेब स्वतः आले नाहीत. जोडपी येणार म्हणून त्यांनी जोडप्यांच्या सायकली सांगून ठेवल्या होत्या. एकामागे एक दोन सीट, दोघांना आपापलं सुटं पायडल, खाली मोटर.

बाकीचे डीलर बायकांना मागे बसवून निघून गेले. अंगणात राहिलो आम्ही तिघं, दोघांची एक सायकल आणि एकट्याची एक.

“शालन माझ्या मागं बसंल,” दादा म्हणाला.

“अक्का त्यांच्या मागं बसली तर मी हितनंच परत,” बापू निमिषला म्हणाला.

“अन् ती त्येच्या मागं बसली तर मी,” दादाही निमिषलाच म्हणाला.

निमिषने बराच वेळ दोन्ही सायकलींकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, शालनताईंना एकट्याची सायकल दिली तर कुणाची हरकत आहे का. कुणाचीच नव्हती. मी शाळेला सायकलनेच जायची. मग उरली दोघांची सायकल आणि उरले दोघं. निमिषचं यात काय चुकलं ते दोघांनाही सांगता येईना. गावच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका बाकावर न बसणारे माझे भाऊ अशा रीतीने एका सायकलवर बसले. थोरला म्हणून दादा पुढे, बापू मागे. मागच्या सामानाच्या खणात बापूने एक लाल कापडी पिशवी ठेवली, तोंड दोरीने बांधलेली. बाकीचं सामान गाडीतून पुढे जाणार होतं. हॉटेलवाली बाई ती पिशवीही गाडीत टाकायला निघाली, तर बापूने तिच्या हातातून काढून घेतली.

“लोणचं असंल,” दादा मला म्हणाला. “लोणच्याबिगर त्येला घास उतरत न्हाई.”

पुढच्या माणसाच्या हातात हँडल, नेहमीचे ब्रेक आणि मोटरचं बटण होतं. पण अशा जड सायकलला उतारासाठी एक जादा ब्रेक असतो, आणि तो असतो मागच्याच्या हातात. सायकलवाल्याने हातवारे करून करून समजावलं. उतार आला की पुढच्याने ओरडायचं आणि मागच्याने दाबायचं. पुढच्या ब्रेकवर विसंबून राहायचं नाही. निमिषने भाषांतर केलं. दादाने सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि माझ्याकडे वळला.

“उतार आला की तू सांगायचंस.”

“काय?”

“त्येला. दाब म्हनून.”

निघाली आमची वरात. बारीक डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना बागा, पुढे ते दोघं आणि त्यांच्या शेजारून मी. लोक परदेशात दुभाषे ठेवतात ते तिथल्या भाषेसाठी. मी मराठीतून मराठीत भाषांतर करत होते.

“शालन, त्येला सांग, पाय मार. नुसता बसलाय.”

“बापू, पाय मार म्हणतोय.”

“दादाला सांग, मोटर हाय. पाय कशाला मारायचा?”

“दादा, मोटर आहे म्हणतोय.”

“मोटर कंपनीची हाय म्हनावं. आपल्या बानं आपल्याला पाय दिल्यात.”

“दादाला सांग, बा माझाबी त्योच हुता.”

हे सगळं दोन वितींच्या अंतरावर. दुपारपर्यंत माझा घसा बसला. मग मी नुसतं “ऐकलंस ना?” एवढंच म्हणायला लागले, पण ते बापूला चालेना. मी वाक्य पुरं बोलेपर्यंत तो ढिम्म बसून राहायचा. रीतसर निरोप आल्याशिवाय त्याच्या लेखी काही बोललंच गेलेलं नसे.

तिथल्या बागा आमच्यासारख्या मांडवावर नसतात. कमरेएवढ्या वेली, तारेवर बांधलेल्या, आणि खाली काळे, बारीक, गच्च घड. दादाने एक घड हातात धरून पाहिला आणि हळूच मला म्हणाला की यांनी घडांची विरळणी केलेली नाही, ह्या लोकांचं यंदा काही खरं नाही. थोड्या वेळाने मागच्या सीटवरून बापू म्हणाला, “अक्का, घड मोकळं केल्यालं न्हाईत बघ. बुडालं हे.” मी आनंदाने दोघांना सांगितलं की तुमचं मत एकच आहे. दादाने पुन्हा बागेकडे पाहिलं आणि म्हणाला, “तसं बरं हायत की घड.” बापूलाही लगेच ते बरे वाटायला लागले. निमिषने सांगितलं की ही द्राक्षं खायची नाहीत, दारूची आहेत, ती अशीच लागतात. तेव्हा कुठे दोघांनी विषय सोडला.

बोर्डोचंही तसंच. मोरचूद आणि चुना कालवून द्राक्षावर जे निळं पाणी मारतात, त्याला आमच्याकडे बोर्डो म्हणतात. दोघांनी जन्मभर बोर्डोचं सामान विकलं, पण ते एका गावाचं नाव आहे आणि ते औषध याच मुलखातून निघालं हे दोघांच्या गावीही नव्हतं. निमिषने सांगितल्यावर दोघंही सायकलवरून उतरले. दोघांनी बूट काढले आणि बोर्डो शहराला हात जोडले. फक्त दादाने रस्त्याच्या उजवीकडे तोंड केलं आणि बापूने डावीकडे, कारण एका दिशेला जोडले असते तर तो एकत्र नमस्कार झाला असता. बोर्डो नक्की कुठल्या बाजूला होतं ते मला आजही ठाऊक नाही.

संध्याकाळी एका घरी मुक्काम होता. घरची म्हातारी टेबलावर पाव ठेवता ठेवता निमिषला काहीतरी म्हणाली आणि स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं. दोघांचं नाक अगदी एक आहे, हे भाऊ आहेत का, असं ती विचारत होती.

“शेजारी,” दादा म्हणाला. “दुकानाला दुकान हाय.”

निमिषने ते तसंच तिला सांगितलं. बापूने पावाचे लहान लहान तुकडे केले आणि ते तसेच ठेवून उठला. मला दादाचा असा राग आला की मीही हातातला पाव खाली ठेवला. आपल्या आईने हे ऐकलं असतं तर तिला काय वाटलं असतं, असं मी त्याला विचारलं. तो गुडघ्यावरच्या हेल्मेटचा पट्टा सोडत बसला. हे जमायचं नाही, मी मनाशी म्हटलं. दिवाळीला आपण आपल्या घरी बसायचं. माहेर संपलं.

शेवटच्या दिवशी आम्हाला टेकडीवरच्या एका गावात जायचं होतं. भोवती तट, एकच वेस, आत दगडी गल्ल्या. वाटेत पाणी प्यायला थांबलो तेव्हा निमिषने कार्यक्रम सांगितला. त्या गावात द्राक्षबागायतदारांचं एक फार जुनं मंडळ आहे. ते पाहुण्यांना मान देतात. लाल झगे घालून येतात, द्राक्षाच्या वाळक्या खोडाची काठी पाहुण्याच्या खांद्याला लावतात आणि आपल्यात घेतात.

“मान म्हंजे काय देत्यात?” दादाने विचारलं.

“दर सायकलीला एकाला मखमली टोपी,” निमिष म्हणाला, “आणि जोडीदाराला गळ्यात एक रुमाल.”

मी तिथेच रस्त्याकडेच्या दगडावर बसले. एवढे देश ओलांडून आलो, तर इथेही टॉवेल-टोपीच.

“टोपी मी घालनार न्हाई,” दादा म्हणाला.

“अक्का, दादाला सांग, मलाबी नको.”

“शालन, त्येला सांग, त्येला कोन इचारतंय.”

मी काहीच सांगितलं नाही. निमिष तयारी बघायला पुढे निघून गेला आणि आम्ही तिघं पुन्हा सायकलींवर बसलो.

टेकडीच्या आधी एक ओढा होता. रस्ता तीव्र उताराने खाली जात होता, तळाशी वळण घेत होता आणि मग चढत होता. उतार सुरू झाला आणि मागून द्राक्षांनी भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर आला. रस्ता एवढासा. मी कडेला थांबून त्याला वाट दिली, आणि तो नेमका आमच्या मधे शिरला. मला दादा दिसेनासा झाला. नुसता आवाज येत होता.

“शालन, त्येला सांग, दाब म्हनावं!”

मी ओरडले. ट्रॅक्टरच्या धडधडीत माझा आवाज पलीकडे पोचेना.

“शालन! सांग त्येला!”

बापू त्याच्या पाठीला लागून बसला होता. त्याला शब्द न् शब्द ऐकू येत होता. पण ते त्याला सांगितलेलं नव्हतं, मला सांगितलेलं होतं, आणि माझ्याकडून काही आलेलं नव्हतं. रस्ता वळला. माझे भाऊ वळले नाहीत. ते सरळ गेले आणि वेलींच्या दोन ओळींच्या मधे शिरले. मला वरून दिसत होतं. ते बराच वेळ नीट चालले होते, दोघांचे पाय एका तालात फिरत होते, तेवढा ताल त्यांनी सबंध सहलीत धरला नव्हता. मग ओळ संपली आणि दोघं दिसेनासे झाले.

मी सायकल टाकून धावत गेले. त्यांची सायकल आडवी पडली होती आणि मोटर अजून घुमत होती. बापू तारांत अडकून अर्धवट उभा होता, खरचटलेला, बाकी धड. दादा जमिनीवर पाय पसरून बसला होता. त्याच्या गुडघ्यावरचं हेल्मेट मधोमध तडकलं होतं. आतल्या गुडघ्याला ओरखडाही नव्हता. कपाळाच्या वर मात्र चांगलं फुटलं होतं आणि रक्त पांढऱ्या केसांतून डोळ्यावर येत होतं.

“तुला ऐकू नाही का आलं?” मी बापूला विचारलं.

“आलं.”

“मग?”

“मला कुठं सांगितलं?” तो म्हणाला. तेवढ्यात त्याला रक्त दिसलं, आणि तारेत शर्ट फाडून घेत तो बाहेर आला.

औषधाची पेटी सामानाच्या गाडीत, आणि गाडी केव्हाच वर पोचलेली. निमिषचा फोन लागेना. मी कंपनीचा टी-शर्ट घातलेला, ओढणी असती तर तीच फाडली असती. दादाने तळहात कपाळावर दाबून धरला होता आणि बोटांच्या फटीतून रक्त येत होतं. मी घाबरले होते.

बापूने सायकलच्या खणातून लाल पिशवी काढली. दोरीची गाठ सुटेना, ती दाताने तोडली. आतून निघाला फेटा. गुलाबी, जरीकाठाचा, घडीवर घडी पडून कडक झालेला.

“लोणचं कुठाय?” दादा म्हणाला. डोक्याला मार लागल्यामुळे म्हणाला की खरंच विचारत होता, मला कळलं नाही.

बापू त्याच्यामागे गुडघे टेकून बसला. त्याने दादाचा हात बाजूला केला आणि फेट्याचा पहिला वेढा जखमेवरून घट्ट ओढून घेतला. मग दुसरा. जखम बांधायला तेवढं पुरे होतं. पण फेटा हातात आला की बापूच्या हातांना एकच काम माहीत. त्याने पीळ दिला, पदर चढवला, निऱ्या बसवल्या. वेलींच्या मधे, मातीत, तो वेढ्यामागून वेढा देत राहिला. दादा हलला नाही.

“शालन,” थोड्या वेळाने तो म्हणाला, “हे कुठनं आनलं, इचार त्येला.”

“मी नाही विचारणार,” मी म्हणाले. “डोकं तुझं, हात त्याचे. मला मधे घ्यायचं नाही.”

दूर तो ट्रॅक्टर टेकडी चढत होता. बापूचे हात थांबले.

“लग्नातलाच हाय,” तो दादाच्या मानेकडे बघत म्हणाला. “तुमच्यासाठीच घेटला हुता. भाड्याच्या मानसाकडनं न्हाई बांधायचा, अक्षता पडल्या की आपुन सोता बांधायचा, असं ठरीवलं हुतं. फेटा घिऊन आलो तर तुमची खुर्ची मोकळी. टॉवेल-टोपी तेवढी हुती.”

“मग घरी यायचं हुतं.”

“आलो हुतो. दारापतुर.”

“आत का न्हाई आलास?”

“बांधाया गेलो अन् तुम्ही डोकं मागं घेटलं असतं तर?” बापू म्हणाला. “मग मी काय केलं असतं, दादा?”

बापूने सांगितलं की तेव्हापासून ही पिशवी त्याच्यासोबत असते. पाहुण्यांच्या लग्नात, बाजार समितीत, दवाखान्यात, जिथे जिथे दादा येणार असेल तिथे. एकदाही पिशवीचं तोंड सोडायचं धाडस झालं नाही. मी त्याची सख्खी बहीण, इतकी वर्षं त्याच्या घरी जेवले, आणि मला याचा पत्ता नव्हता. मी तिथेच मातीत बसून रडले. हसतही असेन, कारण दादाच्या गुडघ्यावर ते तडकलेलं हेल्मेट अजून तसंच होतं.

दादाने दोन्ही हात वर नेऊन फेटा चाचपून पाहिला. मग म्हणाला,

“सैल बांधलायस.”

त्याने माझ्याकडे पाहिलं नव्हतं. माझं नाव घेतलं नव्हतं. बापूने नाक ओढलं, शेवटचे दोन वेढे सोडले आणि पुन्हा आवळून बांधले. मग वर तुरा काढला आणि मागे शेमला सोडला.

चढ आम्ही चालत चढलो. वेशीत निमिष आमची वाट बघत उभा होता. दादाला बघून तो दोन पावलं मागे सरला. आतल्या चौकात बाकीचे डीलर बायकांसह ओळीने उभे, डोक्यावर मखमली टोप्या आणि गळ्यात रुमाल. समोर लाल झग्यातली मंडळी, आणि मधोमध त्यांचा महंत म्हणावा असा एक उंच म्हातारा. दादा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. कपडे मातीने भरलेले, गालावर सुकलेलं रक्त, डोक्यावर गुलाबी फेटा, गुडघ्यावर हेल्मेट. महंताने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आपली स्वतःची टोपी काढून हातात घेतली आणि मान लववली.

द्राक्षाची काठी दोघांच्या खांद्याला लागली. एकाने उशीवर टोपी आणली. निमिष कानाशी येऊन म्हणाला की टोपी घालायची तर हे डोक्यावरचं काढावं लागेल.

“टोपी ह्येला द्या म्हनावं,” दादा म्हणाला. “माझ्या डोक्याला जागा न्हाई. मला त्यो रुमाल द्या.”

टोपी बापूच्या डोक्यावर गेली आणि रुमाल दादाच्या गळ्यात पडला. आहेरातला टॉवेल खुर्चीवर टाकून गेलेला माणूस तो. इथे त्याने स्वतः रुमालाची टोकं सारखी केली. महंताने निमिषला काही विचारलं, निमिषने उत्तर दिलं, आणि महंताने आपल्या मंडळींना मोठ्याने काहीतरी सांगितलं. टाळ्या पडल्या.

“काय इचारलं त्येनं?” दादा म्हणाला.

“तुम्ही दोघं एकमेकांचे कोण, असं विचारलं,” निमिष म्हणाला. “मी सांगितलं शेजारी.”

“चुकीचं सांगितलंस,” दादा म्हणाला. “भाऊ हाय म्हनावं. धाकटा. ह्यो फेटा त्येनंच बांधलाय.”

निमिषने पुन्हा सांगितलं. पुन्हा टाळ्या पडल्या. पहिल्यापेक्षा जास्त पडल्या असं मला वाटलं. बापू मखमली टोपीच्या आडून खाली बघत होता.

त्या दिवाळीला मी माहेरी गेले. दोन्ही वहिन्यांनी मिळून एका चुलीवर पुरणपोळ्या केल्या आणि दादाकडे एकच पंगत बसली. सवयीने मी निम्म्या पोटी उठले, दुसऱ्या घरासाठी जागा ठेवून. हात धुतल्यावर लक्षात आलं की दुसरं ताट नाहीच. मी तशीच बसून राहिले. इतकं चांगलं उपाशी मी त्याआधी कधी राहिले नव्हते.

याला आता बरीच वर्षं झाली. तडकलेलं हेल्मेट दादाच्या दुकानात खिळ्याला टांगलेलं आहे आणि मखमली टोपी बापूच्या. दर दिवाळीला जेवणं झाली की दोघं अंगणात खाटेवर बसतात आणि त्या उताराचा विषय निघतो. ब्रेक तू दाबला नाहीस, असं दादा म्हणतो. मला सांगितलं कुठं होतंत, असं बापू म्हणतो. आवाज चढतात, शेजारी डोकावतात, वहिन्या कानांवर हात ठेवतात. मी मधेच बसलेली असते, सुपारी कातरत. मला कुणी कुणाला काही सांगायला सांगत नाही.